जुना रेडिओ, टेप आणि तबकड्या : खान्देशातून वारंवार विचारले जाणारे प्रश्न

अमळनेरला आमच्या ओसरीवर दर रविवारी कुणी ना कुणी गोणपाटात, जुन्या लुगड्यात नाहीतर खोक्यात घालून काहीतरी घेऊन येतं. आत बुशचा रेडिओ असतो, फिलिप्सचा टेप असतो, कधी एचएमव्हीचा फिएस्टा, म्हणजे तबकड्या वाजवणारा प्लेअर असतो. आणणारा पारोळ्याचा असो, शिरपूरचा असो की थेट तळोद्याचा, प्रश्न बहुतेक तेच असतात. शाळकरी वयात मी रोज संध्याकाळी गावातल्या रेडिओच्या दुकानात जाऊन बसायचो आणि जे शिकलो ते तिथेच शिकलो. त्या जोरावर ही उत्तरं लिहून ठेवतो आहे.

त्या दुकानांत एवढं काय होतं? आम्ही ती पाहिलीच नाहीत.

बाकडं होतं. आज जळगावच्या गोलाणी मार्केटमध्ये मोबाइलच्या दुकानांपुढे सगळा व्यवहार उभ्या-उभ्या उरकतो. रेडिओच्या दुकानात माणूस बसायचा, आणि बसायचा तो ऐकायला. दर्शनी भागात नवे सेट, त्यांच्या मागे छतापर्यंत कॅसेटी, आणि पडद्याच्या पलीकडे मेकॅनिकचं डागांनी काळं पडलेलं टेबल. त्यावर सिरीज बोर्ड, म्हणजे सेटला वीज शंभरच्या बल्बमधून देणारी पाटी, काट्याचा मल्टिमीटर, झाकणं उघडलेले चार-पाच सेट आणि सोल्डर मारताना जळणाऱ्या राळेचा वास. तो वास अजून कुठे आला की माझे पाय थांबतात.

आमचे मेकॅनिक काका मुका पडलेला ट्रान्झिस्टर समोर आला की लगेच मीटरला हात घालत नसत. सेट चालू करायचा, आवाज पूर्ण वाढवायचा आणि स्क्रू-ड्रायव्हरच्या पात्याला बोट लावून त्याचं टोक व्हॉल्यूम कंट्रोलच्या मधल्या पायाला टेकवायचं. स्पीकरमधून ‘भुर्रर्र’ असा आवाज आला, की तिथून स्पीकरपर्यंतचा भाग ठणठणीत आणि खोट अलीकडे, स्टेशन पकडणाऱ्या भागात. आवाज आला नाही तर उलटं. अर्ध्या मिनिटात निम्मा सेट तपासातून बाद. मग ते गिऱ्हाइकाकडे बघून म्हणायचे, ‘‘हाऊ मरेल नही, जपेल शे.’’ मेला नाही, झोपलाय. घरून रेडिओ घेऊन आलेल्या म्हाताऱ्या माणसाचा चेहरा त्या चार शब्दांनी कसा उजळायचा, ते मी कित्येकदा पाहिलं आहे.

कापूस विकला गेला की बाजाराच्या दिवशी अख्खं कुटुंब टेप घ्यायला यायचं. दुकानदार एकच कॅसेट तीन टेपांत आळीपाळीनं वाजवून दाखवायचे. नवरा बटणं दाबून बघायचा, बायको डोळे मिटून ऐकायची आणि म्हणायची, मधला घ्या. बहुतेक वेळा मधलाच चांगला निघायचा. ज्यांना काही घ्यायचं नव्हतं तेही बाकड्यावर बसलेले असत आणि त्यांना ‘काय पाहिजे?’ असं कुणी विचारत नसे. एका बाजूनं सतार आणि दुसऱ्या बाजूनं तबला वेगळा ऐकू येतो, हे गावातल्या कित्येकांनी पहिल्यांदा त्या बाकड्यावर ऐकलं.

‘कॅसेट भरून घेणे’ म्हणजे काय?

वहीच्या कागदावर आवडत्या गाण्यांची यादी लिहून द्यायची, साठची की नव्वदची ते सांगायचं आणि आठवड्यानं भरलेली कॅसेट घेऊन जायची. साठची म्हणजे एका बाजूला तीस मिनिटं. दुकानदार एलपीवरून, म्हणजे मोठ्या तबकडीवरून, एकेक गाणं उतरवून द्यायचे. कॉपीराइटच्या कायद्यात ते बसत नव्हतं, पण ज्या घराला एलपी परवडत नव्हती तिथे गाणी याच वाटेनं पोचली. भरणाऱ्याचं कसब बाजू संपताना दिसायचं. अडीच मिनिटांची पट्टी उरली असेल तर अडीच मिनिटांचंच गाणं हवं, नाहीतर ते अर्ध्यात तुटतं. आमच्या दुकानदारांनी त्यासाठी गाण्यांच्या लांबीप्रमाणे एक वही लावली होती. ती वही आज कुठे असेल, याची मला खरोखर हळहळ वाटते.

फिलिप्सनं कॅसेट १९६३ साली आणली. आपल्याकडे ती घराघरांत शिरली ऐंशीच्या दशकात, टी-सिरीजसारख्या कंपन्यांनी स्वस्त कॅसेटी बाजारात ओतल्यावर. तबकडी काढायची तर कारखाना लागतो. कॅसेट थोड्या पैशांत, थोड्या प्रतींतही निघते. म्हणून अहिराणी गाणी, कानबाईची गाणी, लग्नातली गाणी एकदम दुकानांच्या फळ्यांवर दिसायला लागली. आपली बोली दुकानात विकत मिळते, याचं तेव्हा फार अप्रूप होतं.

रेडिओला लायसन्स लागायचं, हे खरं का?

खरं. पोस्टात दरवर्षी फी भरावी लागायची आणि लायसन्सच्या पुस्तिकेवर तशी नोंद व्हायची. ऐंशीच्या दशकात ते बंद झालं. जुन्या पेटीत अशी पुस्तिका सापडली तर रेडिओसोबतच ठेवा. सेट घरात कधी आला, कुणाच्या नावावर होता, ते तिच्यावरून कळतं.

आजोबांचा व्हॉल्व्हचा (ट्रान्झिस्टरच्या आधीचा, काचेच्या नळ्यांचा) रेडिओ माळ्यावर सापडला. प्लग लावून बघू का?

नका लावू. या एका घाईनं जितके रेडिओ गेले तितके उंदरांनीही खाल्ले नसतील.

वीस-तीस वर्षं पडून राहिलेल्या सेटमधले मोठे कंडेन्सर आतून सुकलेले असतात. एकदम २३० व्होल्ट दिले की ते शॉर्ट होतात आणि जाताना ट्रान्सफॉर्मर नाहीतर रेक्टिफायर व्हॉल्व्हला घेऊन जातात. आधी मागचा पुठ्ठा काढा, मऊ ब्रशनं धूळ झाडा, कुरतडलेल्या वायरी बघा. मग व्हॉल्व्हवरचे आकडे वाचा. ईएल ८४, ईझेड ८० असे ‘ई’पासून सुरू होणारे असतील तर सेटमध्ये बहुधा ट्रान्सफॉर्मर आहे. यूसीएल ८२, यूवाय ८५ असे ‘यू’पासून सुरू होणारे असतील तर दहा पावलं सावध व्हा. अशा सेटची धातूची चासी सरळ घरातल्या विजेला जोडलेली असते. प्लग उलटा बसला तर बटणाच्या छोट्या स्क्रूला हात लागला तरी जबर झटका बसतो.

पहिल्यांदा वीज द्यायची ती सिरीज बोर्डवरूनच. बल्ब झगझगीत पेटला आणि तसाच राहिला, तर आत शॉर्ट आहे. लगेच बंद करा. क्षणभर उजळून मंदावला, तर वीज वाजवी जाते आहे. व्हॉल्व्ह तापायला अर्धा मिनिट लागतो, तेवढा धीर धरा. आणि सेट बंद करून प्लग काढला तरी कंडेन्सरमध्ये दोन-अडीचशे व्होल्ट बराच वेळ मुरलेले असतात. हे काम येत नसेल तर जाणत्याकडून करून घ्या. यात कसलाही कमीपणा नाही.

जुन्या रेडिओत ‘लाल पारा’ असतो आणि त्याचे लाखो रुपये मिळतात म्हणे?

नाही. एक थेंबही नाही. हा प्रश्न मला सगळ्यात जास्त वेळा विचारला जातो आणि त्याचा मला सगळ्यात जास्त त्रास होतो, कारण या अफवेपायी लोकांनी चांगले चालते सेट हातोडीनं फोडले आहेत. व्हॉल्व्हच्या काचेत पोकळी असते, हवासुद्धा काढून टाकलेली असते. काचेच्या डोक्यावर आतून जो चंदेरी आरसा दिसतो तो पारा नव्हे; उरलासुरला वायू शोषून घ्यायला लावलेला बेरियमचा थर असतो तो. तो पांढरा पडला असेल तर काच कुठेतरी तडकून आत हवा शिरली, एवढाच त्याचा अर्थ. ‘लाल पारा’ घेणारा गिऱ्हाईक आणून देतो म्हणून कुणी आगाऊ पैसे मागत असेल, तर त्याला दारातूनच परत पाठवा.

जळगाव स्टेशन डायलवर कुठे लागायचं?

मीडियम वेव्हवर ९६३ किलोहर्ट्झला. जुन्या डायलवर आकडे मीटरमध्ये असतात, तिथे ते साधारण ३११ मीटरपाशी येतं. आमच्या घरी त्या जागी काचेवर आईनं कुंकवाचा ठिपका लावला होता, म्हणजे काटा कुठे न्यायचा ते आजीला कळायचं.

जळगावच्या आधीची पिढी श्रीलंकेच्या रेडिओ सिलोनवर वाढली. केसकर माहिती व नभोवाणी मंत्री असताना आकाशवाणीवरून सिनेमाची गाणी हटली. १९५२ पासून अमीन सयानींची गीतमाला रेडिओ सिलोनवर सुरू झाली आणि बुधवारी रात्री आठ वाजता गल्लीत ज्याच्याकडे रेडिओ त्याच्या ओट्यावर गर्दी व्हायला लागली. विविध भारती आली ती ३ ऑक्टोबर १९५७ ला. सिलोन शॉर्ट वेव्हवर असल्यामुळे आवाज लाटेसारखा यायचा आणि जायचा. त्या लहरी आकाशातल्या वरच्या थरावर आपटून खाली येतात आणि तो थर सतत हलत असतो. म्हणून तर घराच्या एका भिंतीपासून दुसऱ्या भिंतीपर्यंत तांब्याच्या जाळीची पट्टी ताणलेली असायची. ती एरियल होती; आज काही घरांत तिच्यावर टॉवेल वाळत असतात. मीडियम वेव्हचंही तसंच, लांबची स्टेशनं रात्रीच लागतात, कारण दिवसा त्या लहरी शोषणारा खालचा थर सूर्य मावळला की विरून जातो.

आज रेडिओ लावल्यावर नुसती खरखर येत असेल तर आधी घरातले एलईडी बल्ब आणि मोबाइलचे चार्जर बंद करून पाहा. निम्मी खरखर त्यांचीच असते.

जुन्या रेडिओवर मोबाइलची गाणी वाजवता येतील का?

येतील, आणि त्यासाठी रेडिओ कापायची गरज नाही. बऱ्याच व्हॉल्व्ह सेटच्या मागे ग्रामोफोन जोडायची दोन भोकं असतात. मोबाइलचा डावा-उजवा आवाज दोन रेझिस्टरनी एकत्र करून तिथे द्यायचा आणि बँडचं बटण ग्रामोफोनच्या खुणेवर न्यायचं. मात्र वर सांगितलेल्या ‘यू’ जातीच्या सेटला हे अजिबात करू नका. घरातली वीज सरळ मोबाइलमध्ये, म्हणजे तुमच्या हातात येते.

डायलची काच काढून तिथे ब्लूटूथची निळी पट्टी बसवलेले सेट मी पाहिले आहेत. मला ते बघवत नाहीत.

दुरुस्तीला कुठे द्यावा?

आधी आपल्याच तालुक्यात चौकशी करा. धुळ्याला, भुसावळला, चाळीसगावला सत्तरीच्या पुढचे मेकॅनिक अजून आहेत. पाटी उतरली असेल, दुकानात आता मिक्सर आणि पंखे दुरुस्त होत असतील, पण हात विसरलेला नसतो. त्यांना सेट दाखवा आणि शक्य असेल तर शेजारी बसून बघा. नुसता रेडिओ वाचवून भागत नाही. भुर्रर्र आवाजावरून खोट ओळखणारं बोट वाचलं पाहिजे, आणि ते फक्त शेजारी बसूनच शिकता येतं. आमच्या काकांकडून जे घ्यायचं राहून गेलं, ते आता मला कुठल्याही पुस्तकात सापडत नाही.

देताना एक गोष्ट मात्र स्पष्ट सांगा : आतलं सर्किट बदलायचं नाही. माझ्या मामांचा मर्फी रेडिओ मी एका शहरात दुरुस्तीला दिला होता. परत आला तेव्हा वाजत होता, पण वजनाला हलका लागला. मागचा पुठ्ठा उघडला तर पाचही व्हॉल्व्ह गायब आणि त्यांच्या जागी ८१० आयसीची (आवाज वाढवणाऱ्या चिपची) तळहाताएवढी पाटी. मामांनी काही न बोलता पुठ्ठा परत लावला. काढलेला प्रत्येक भाग परत मागून घ्या.

सुटे भाग इथे मिळाले नाहीत तर मुंबईचा लॅमिंग्टन रोड. भुसावळकडून जाणाऱ्या गाडीनं दादरला उतरायचं आणि पश्चिम रेल्वेनं ग्रँट रोड गाठायचं. जुना भाग सोबत न्या; नुसत्या वर्णनावर बेल्ट आणि डायलची चाकं जुळत नाहीत.

टेप चालते, पण आवाज लोळतो किंवा दबका येतो.

लोळतो म्हणजे बेल्ट. जुना रबरी बेल्ट सैल पडतो, आणि फार वर्षं गेली असतील तर वितळून डांबरासारखा पुलीला चिकटतो. स्पिरिटनं पुसून नवा घाला. दबका येतो म्हणजे हेडवर, पट्टी वाचणाऱ्या भागावर, कॅसेटच्या पट्टीची तपकिरी भुकटी बसली आहे. काडीला कापूस गुंडाळा, स्पिरिटमध्ये ओला करा आणि हेड पुसा; कापूस पांढरा निघेपर्यंत. रबरी रोलरही पुसा. एवढं करून आवाज दबकाच राहिला तर हेडच्या बाजूचा स्प्रिंग लावलेला स्क्रू अगदी केसभर फिरवून पाहा. हेड पट्टीला काटकोनात आलं की वरचे सूर एकदम उघडतात.

तबकड्यांचं काय? एकाच सुईनं सगळ्या चालतात का?

नाही. ७८ ची तबकडी आणि एलपी दोन्ही काळ्या, गोल, पण जात वेगळी. ७८ ची लाखेची असते, म्हणजे झाडावरचे किडे जो राळेसारखा पदार्थ तयार करतात त्याची. जड, हातातून पडली की फुटणारी आणि एका बाजूला साधारण तीन मिनिटांची. एलपी १९४८ साली आली, ती प्लॅस्टिकची, मिनिटाला ३३⅓ फेरे घेणारी. ७८ ची खाच रुंद असते. तिची जाड सुई एलपीवर ठेवली तर एलपी कायमची खरवडते. चावीच्या ग्रामोफोनची पोलादी पिन तर प्रत्येक बाजूला नवी लागते.

धुताना ७८ ला स्पिरिट लावू नका. लाख स्पिरिटमध्ये विरघळते. साधं पाणी, थेंबभर सौम्य साबण, मऊ फडकं. मधल्या कागदाला पाणी लागू देऊ नका.

आपल्या उन्हाळ्यात हे सगळं टिकतं का?

पत्र्याखालच्या माळ्यावर नाही टिकत. मे महिन्यात बाहेर ४५ अंश असतात तेव्हा पत्र्याखाली त्याहून किती तरी जास्त होतात. एलपी पापडासारखी वाकते. तबकड्या खालच्या खोलीत, मातीच्या भिंतीचं जुनं घर असेल तर तिथे, पुस्तकांसारख्या उभ्या ठेवा. एकावर एक आडव्या रचू नका. पावसाळ्यात कॅसेटींना बुरशी येते, त्यासाठी दिवाळीच्या सफाईत प्रत्येक कॅसेट एकदा पूर्ण पुढे आणि एकदा पूर्ण मागे फिरवा.

जुन्या सामानाचा आवाज खरंच चांगला होता, की नुसत्या आठवणी?

काही होतं, काही नव्हतं. मीडियम वेव्हवर चार-पाच किलोहर्ट्झच्या वरचे सूर मुळात येतच नाहीत आणि कॅसेटची सळसळ कितीही चांगल्या डेकवर राहतेच. मोजायला गेलं तर सीडी सरस आहे. पण व्हॉल्व्हच्या रेडिओत सागवानी पेटी असते, आठ इंची कागदी स्पीकर असतो आणि माणसाचा गळा ज्या पट्टीत बोलतो नेमकी तीच पट्टी तो भरून देतो. लताबाईंचा आवाज त्यातून आला की घरातलं कुणी बोलायला लागलं आहे असं वाटतं. यंत्राची ताकद किती, तर तीन-चार वॅट. पुरायची.

नव्वदीत मात्र खोक्यांवर ‘१००० वॅट पीएमपीओ’ असं छापायला लागले आणि गाडी घसरली. तो आकडा क्षणभराच्या कल्पित झेपेचा. सतत मिळणारे वॅट त्यातले मूठभर. जुना सेट घेताना पीएमपीओ वाचूच नका, आरएमएस, म्हणजे सतत मिळणारे वॅट, किती ते विचारा. आमच्या मेकॅनिक काकांनी सुताराकडून सागाच्या पेट्या करून घेतल्या होत्या, आत आवाज घुमू नये म्हणून जिनिंगमधून आणलेला कापूस भरला होता. त्या पेट्यांवर कुठलाच आकडा नव्हता. त्या अजून वाजतात.

विकून टाकू का? भंगारवाला शंभर रुपये देतो.

शंभरला देऊ नका. किंमत ठरते ती डायलची काच शाबूत आहे का, सगळी बटणं मूळची आहेत का, मागचा पुठ्ठा आहे का आणि सेट वाजतो का, यावर. पॉलिश उडालं असेल तर घाईनं नवा रंग मारू नका. घेणाऱ्याला मूळचंच हवं असतं. आणि विकायच्या आधी टेपमध्ये अडकलेली कॅसेट तेवढी काढून घ्या.

घरी भरलेल्या कॅसेटी आहेत. त्या कशा वाचवायच्या?

इतर सगळं नंतर करा, हे आधी करा. सिनेमाची गाणी जगात कुठेतरी सापडतील. तुमच्या आजीचा आवाज त्या एकाच पट्टीवर आहे.

कॅसेटच्या मागच्या कडेला दोन छोटी पानं असतात, ती मोडा, म्हणजे चुकूनही तिच्यावर काही भरलं जाणार नाही. आतली फोमची गादी गळून पडली असेल तर स्क्रू उघडून पट्टी दुसऱ्या चांगल्या कॅसेटच्या खोळीत बसवा. आधी एकदा पुढे-मागे फिरवा. मग स्वच्छ केलेल्या टेपच्या लाइन-आउटमधून किंवा हेडफोनच्या भोकातून वायर काढून संगणकात द्या. ऑडॅसिटी हे फुकट सॉफ्टवेअर पुरतं. वेव्ह फाइलच ठेवा. मिनिटाला साधारण दहा एमबी लागतात, म्हणजे साठची कॅसेट सहाशेच्या आसपास. खरखर काढायच्या नादात आवाज सोलू नका, मूळ प्रत जशी आहे तशी जपा. एक पेनड्राइव्ह घरात, एक बहिणीकडे.

आमच्या घरची अशी एक कॅसेट मी दोन वर्षांपूर्वी उतरवली. आखाजीची दुपार आहे, झोक्याची दोरी करकरते आहे, मागे कुणीतरी भांडी घासतं आहे. आजी गाणं सुरू करते, दुसऱ्याच ओळीला थांबते आणि टेपकडे तोंड करून विचारते, ‘‘चालू शे का ते?’’ आणि आजोबा, ज्यांचा आवाज दुसऱ्या कुठल्याच कॅसेटवर नाही, म्हणतात, ‘‘शे, शे. तू म्हण.’’